गुन्ह्यांची वर्गवारी : सहा रकान्यांचा हिशेब

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. सल्ला वाईट नाही. परंतु सायकल चोरीला गेली, शेजाऱ्याने मारहाण केली किंवा गिऱ्हाइकाने दिलेला चेक वटला नाही, म्हणजे शहाण्यालाही कोणती ना कोणती पायरी चढावीच लागते. अशा वेळी प्रश्न उभा राहतो तो हा की, पायरी कोणती? पोलीस ठाण्याची की कोर्टाची? चुकीच्या पायरीवर महिनाभर ताटकळत बसलेल्या माणसाचा हक्क कधी कधी मुदतीअभावी कायमचा बुडतो. म्हणून गुन्ह्यांची वर्गवारी हा विषय केवळ वकिलांचा आणि लॉ कॉलेजचा नाही. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनाही तो ठाऊक असला पाहिजे, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या विधी आयोगाने १८३७ साली दंड संहितेचा मसुदा सादर केला. १८६० साली त्याचा कायदा झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून तो अमलात आला. हीच ५११ कलमांची भारतीय दंड संहिता. तिची जागा १ जुलै २०२४ पासून ३५८ कलमांच्या भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. त्याच दिवशी १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. पहिला कायदा गुन्हा कोणता व शिक्षा किती हे सांगतो. दुसरा पोलिसांनी व न्यायालयांनी काय करायचे हे सांगतो. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्याला मात्र आजही जुनीच दंड संहिता लागू होते, हे विसरता कामा नये.

१. गुन्हा कोणता आणि नुसती बाकी कोणती?

वर्गवारीची पहिली रेघ गुन्हा आणि दिवाणी वाद यांच्यामध्ये ओढलेली आहे. उधारी थकली, कराराप्रमाणे माल वेळेवर पोचला नाही, भाडे राहिले, या गोष्टींनी नुकसान होते खरे. पण त्या स्वतःहून गुन्हा ठरत नाहीत. त्यांच्यासाठी दिवाणी न्यायालय आहे. तोच व्यवहार फसवणूक केव्हा होतो? सुरुवातीपासूनच पैसे बुडवण्याचा हेतू मनात ठेवून, खोटे भासवून माल उचलला असेल तेव्हा. नंतर धंदा बसला म्हणून पैसे देता आले नाहीत, तर ती बाकी आहे, फसवणूक नव्हे.

दिवाणी दाव्यात दोन माणसे समोरासमोर असतात. फौजदारी खटल्याच्या कागदावर मात्र बहुधा ‘कर्नाटक राज्य विरुद्ध अमुक’ असे लिहिलेले असते. मार एकाला बसला तरी भंग सर्वांच्या शांततेचा झाला, ही त्यामागील कल्पना होय. पुढील सर्व वर्ग या एका कल्पनेतून निघतात.

२. विषयावरून वर्गवारी

संहितेच्या प्रकरणांकडे पाहिले तर गुन्हे विषयवार मांडलेले दिसतात : स्त्रिया व बालके यांच्याविरुद्धचे, मानवी शरीराविरुद्धचे, राज्याविरुद्धचे, सार्वजनिक शांततेविरुद्धचे, मालमत्तेविरुद्धचे, दस्तऐवजांसंबंधीचे, अब्रुनुकसानीचे, इत्यादी. जुन्या संहितेत राज्याविरुद्धचे गुन्हे आधी आणि शरीराविरुद्धचे नंतर येत. नव्या संहितेत स्त्रिया व बालके यांच्याविरुद्धचे गुन्हे पाचव्या, शरीराविरुद्धचे सहाव्या आणि राज्याविरुद्धचे सातव्या प्रकरणात आहेत.

एकाच विषयात पायऱ्या कशा चढत जातात ते मालमत्तेच्या प्रकरणात उत्तम दिसते. गुपचूप वस्तू उचलली तर ती चोरी. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. हातातली पिशवी किंवा गळ्यातली साखळी हिसकावली तर कलम ३०४. हा हिसकावणीचा गुन्हा नव्या संहितेत प्रथमच वेगळा केला आहे. चोरी करताना मारहाण केली किंवा तत्काळ इजेची भीती घातली तर ती जबरी चोरी. शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि दंड. तीच सूर्यास्त ते सूर्योदय या काळात महामार्गावर झाली तर चौदा वर्षांपर्यंत. आणि पाच किंवा अधिक माणसांनी मिळून केली तर तो दरोडा. तेथे जन्मठेपही होऊ शकते.

आमच्या शाखेला जवळचे उदाहरण विश्वासघाताचे. सोपवलेल्या पैशाचा अपहार कोणीही केला तर पाच वर्षांपर्यंत कैद. कारकुनाने किंवा नोकराने मालकाच्या पैशाचा केला तर सात वर्षांपर्यंत. आणि सरकारी नोकराने, बँकरने, व्यापाऱ्याने, दलालाने किंवा मुखत्याराने केला तर दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेप. म्हणजे रक्कम तीच असली तरी विश्वास जितका मोठा, तितकी शिक्षा मोठी.

३. दखलपात्र आणि अदखलपात्र

आता विषय सोडून प्रक्रियेकडे वळू. नागरिक सुरक्षा संहितेच्या शेवटी पहिली अनुसूची आहे. तिच्या पहिल्या भागात न्याय संहितेच्या गुन्ह्यांपुढे सहा रकाने मांडले आहेत : कलम, गुन्हा, शिक्षा, दखलपात्र की अदखलपात्र, जामीनपात्र की अजामीनपात्र, आणि खटला कोणत्या न्यायालयात चालणार. रोजकीर्दीतील एकच नोंद खतावणीत निरनिराळ्या खात्यांवर जाते, त्याप्रमाणे एकच गुन्हा या निरनिराळ्या रकान्यांत बसतो. सामान्य माणसाचे नशीब बहुधा चौथ्या आणि पाचव्या रकान्यात ठरते.

दखलपात्र गुन्हा म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटाशिवाय अटक करू शकतात आणि न्यायदंडाधिकाऱ्याच्या हुकमाची वाट न पाहता तपास सुरू करू शकतात. खून, जबरी चोरी, विश्वासघात हे असे गुन्हे होत. अदखलपात्र गुन्ह्यात पोलिसांना हुकमाशिवाय तपासही करता येत नाही आणि वॉरंटाशिवाय अटकही करता येत नाही. साधी दुखापत, अब्रुनुकसानी, साधी धमकी हे या वर्गातील. पोलिसांनी अशी माहिती वहीत नोंदवून तक्रारदाराला न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाण्यास सांगायचे असते. ‘ठाण्यात फक्त एनसी घेतली, आपली बोळवण केली’ अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. ती प्रत्येक वेळी खरी नसते. गुन्हा अदखलपात्र असेल तर ठाण्याचे हातच कायद्याने बांधलेले असतात. पुढची पायरी कोर्टाची असते. मात्र एकाच प्रसंगात अनेक गुन्हे असतील आणि त्यांतील एक जरी दखलपात्र असेल, तरी सगळे प्रकरण दखलपात्र समजले जाते.

उलट, गुन्हा दखलपात्र असूनही नोंद नाकारली तर? ललिता कुमारी खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की, माहितीवरून दखलपात्र गुन्हा उघड दिसत असेल तर प्रथम माहिती अहवाल नोंदवणे बंधनकारक आहे. नव्या संहितेत एक मुभा आहे : तीन वर्षे किंवा अधिक परंतु सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकाच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. नोंद नाकारली गेल्यास पोलीस अधीक्षकाकडे लेखी अर्ज करता येतो, आणि तेथेही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्याकडे.

आपल्या सीमाभागातील वाचकांसाठी दोन गोष्टी मुद्दाम सांगतो. पहिली : चंदगडहून येताना महाराष्ट्राच्या हद्दीत बॅग हिसकावली गेली आणि माणूस बेळगावात उतरला, तरी ‘हद्द आमची नाही’ म्हणून त्याला परत पाठवता येत नाही. गुन्हा कोठेही घडला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती ठाण्याने घ्यावी असे आता संहितेतच लिहिले आहे. तिला शून्य क्रमांकाची एफ.आय.आर. म्हणतात, ती नंतर योग्य ठाण्याकडे जाते. दुसरी : तोंडी दिलेली माहिती लिहून घेतल्यावर ती सांगणाऱ्याला वाचून दाखवावी लागते, मगच त्याची सही घ्यायची, आणि एक प्रत विनामूल्य द्यायची. कागद कन्नडात असला आणि सही करणाऱ्याला फक्त मराठी वाचता येत असले, तर ही तरतूद त्याच्या फार उपयोगाची आहे. न समजलेल्या मजकुराखाली सही करण्यापूर्वी तो वाचून, समजावून मागणे हा उद्धटपणा नव्हे. तसे पाहिले तर ठाण्यातील भाषा दोन्हीकडे फार वेगळी नाही. आपला फिर्यादी कन्नडातही फिर्यादीच, जामीन तेथे जामीनु, पंचनामा तेथे पंचनामे. शब्द भावकीतले आहेत. तेवढ्या ओळखीवर विचारायला संकोच वाटू नये.

४. जामीनपात्र आणि अजामीनपात्र

पाचव्या रकान्याविषयी सर्वांत जास्त गैरसमज आहेत. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क आहे. तो जामीन देण्यास तयार असेल तर ठाण्यातूनही त्याची सुटका झाली पाहिजे. अटकेपासून एक आठवड्याच्या आत त्याला जामीनदार मिळाला नाही, तर तो निर्धन आहे असे समजून त्याच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडावे, असे संहिता सांगते. अजामीनपात्र याचा अर्थ ‘जामीन नाहीच’ असा मात्र नव्हे. तेथे जामीन हक्काने मिळत नाही, न्यायालयाच्या विवेकाने मिळतो. आणि स्त्री, बालक, आजारी किंवा अशक्त व्यक्ती यांचा विचार कायद्याने वेगळा केला आहे. दोन्ही प्रकारांत अटक झालेल्या माणसाला, प्रवासाचा वेळ सोडून, चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे करणे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ नुसार आवश्यक आहे.

दखलपात्र म्हणजे अजामीनपात्रच, असेही पुष्कळ जण धरून चालतात. तसे नाही. निष्काळजीपणाने मृत्यूस कारण होणे हा गुन्हा दखलपात्र आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा आहे, तरीही जामीनपात्र आहे. बेफाम वाहन चालवणेही दखलपात्र व जामीनपात्र आहे. कारण दोन रकान्यांचे प्रश्न वेगळे आहेत. चौथा रकाना विचारतो, पोलिसांनी ताबडतोब हालचाल करणे जरूर आहे काय? पाचवा विचारतो, खटला संपेपर्यंत या माणसाला आत ठेवणे जरूर आहे काय?

या पाचव्या प्रश्नाचे महत्त्व १९७९ साली देशाला कळले. बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांसंबंधी हुसैनारा खातून हा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. गुन्हा शाबीत झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून अधिक काळ काही माणसे खटल्याविनाच तुरुंगात होती. जामिनाची रक्कम भरण्याची ऐपत नाही, एवढाच त्यांतील अनेकांचा अडथळा होता. आता नव्या संहितेनुसार कच्च्या कैद्याने गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ, आणि पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्याने एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला असेल, तर सुटकेची तरतूद आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ती लागू नाही. एकाहून अधिक खटले प्रलंबित असणाऱ्यांनाही नाही.

५. खटला कोठे आणि कसा?

सहावा रकाना न्यायालयाचा. खून, दरोडा यांसारखे गुन्हे सत्र न्यायालयात चालतात. इतर बहुतेक न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी तीन वर्षांपर्यंत, तर मुख्य न्यायदंडाधिकारी सात वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा देऊ शकतात.

खटल्याच्या रीतीवरून आणखी एक वर्गवारी होते. दोन वर्षांहून अधिक कैद, जन्मठेप किंवा फाशी असे शिक्षेचे प्रमाण असेल तर तो वॉरंट खटला. बाकीचे समन्स खटले. वॉरंट खटल्यात रीतसर दोषारोप ठेवावा लागतो. समन्स खटल्यात आरोपीला गुन्ह्याचा तपशील सांगून कबूल आहे काय असे विचारले की पुरते. त्याहून किरकोळ गुन्ह्यांसाठी संक्षिप्त रीत आहे. उदाहरणार्थ, चोरलेल्या मालाची किंमत वीस हजार रुपयांपेक्षा अधिक नसेल तर.

शिक्षेवरूनच मुदतही ठरते. केवळ दंडाच्या गुन्ह्याची न्यायालयाने दखल घेण्याची मुदत सहा महिने. एक वर्षापर्यंत कैदेच्या गुन्ह्याची एक वर्ष. एक ते तीन वर्षे कैदेच्या गुन्ह्याची तीन वर्षे. त्याहून गंभीर गुन्ह्यांना ही मुदत लागत नाही.

६. मिटवता येणारे आणि न येणारे

गुन्हा सर्वांविरुद्ध असतो, तर तक्रारदाराला तो परस्पर मिटवता येईल काय? सर्वसाधारण उत्तर ‘नाही’ असे आहे. परंतु ज्या गुन्ह्यांत व्यक्तीचे दुःख प्रमुख आणि समाजाचे गौण, त्यांच्या दोन याद्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये दिल्या आहेत. पहिल्या यादीतील गुन्हे, जसे साधी दुखापत, दोन पक्ष आपसात मिटवू शकतात. दुसऱ्या यादीतील गुन्ह्यांना, जसे मालमत्ता द्यायला लावणारी फसवणूक, न्यायालयाची परवानगी लागते. तडजोड झाली म्हणजे आरोपी निर्दोष सुटतो. जो गुन्हा दोन्ही याद्यांत नाही, तो गावातील पंचांनी किंवा घरच्या वडीलधाऱ्यांनी मिटवला म्हणून कायद्यात मिटत नाही. हुंड्यासारख्या प्रकरणांत ‘आपसात मिटले’ असे सांगून मुलीला गप्प बसवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

७. एक सोडवलेले उदाहरण : न वटलेला चेक

समजा, गणपत गल्लीतील एका व्यापाऱ्याने कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाला ४०,००० रुपयांचा माल दिला आणि चेक घेतला. बेळगावातील आपल्या खात्यात तो भरला, तर ‘पुरेशी रक्कम नाही’ असा शेरा मारून तो परत आला. व्यापारी रागाने ठाण्यात गेला. तेथे कोणी गुन्हा नोंदवला नाही. का?

हा गुन्हा न्याय संहितेत नाही. तो निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम १३८ मध्ये आहे. हे कलम १९८८ च्या दुरुस्तीने घातले गेले आणि १ एप्रिल १९८९ पासून लागू झाले. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आता अनुसूचीच्या दुसऱ्या भागाकडे जाऊ. इतर कायद्यांखालील गुन्ह्यांसाठी तेथे नियम दिला आहे : तीन वर्षांहून कमी शिक्षा असेल तर गुन्हा अदखलपात्र व जामीनपात्र. म्हणजे ठाण्याने गुन्हा नोंदवला नाही हे बरोबरच होते. दोन वर्षांहून अधिक शिक्षा नाही, म्हणून हा समन्स खटला. आणि त्याच अ‍ॅक्टच्या कलम १४७ नुसार तो आपसात मिटवण्याजोगाही आहे. मात्र तडजोडीला उशीर लावणाऱ्या आरोपीवर खर्च बसतो.

व्यापाऱ्याने करायचे काय? चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यायची. नोटीस पोचल्यावर गिऱ्हाइकाला पंधरा दिवसांची सवड असते. तेवढ्यात पैसे आले नाहीत तर पुढील एक महिन्यात प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे लेखी फिर्याद करायची. त्यासाठी कोल्हापूरला जाण्याचे कारण नाही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, घेणाऱ्याने ज्या शाखेतील आपल्या खात्यात चेक भरला, तेथील न्यायालयाला अधिकार आहे. जो व्यापारी ‘पोलीस आज बघतील, उद्या बघतील’ म्हणून तीस दिवस घालवतो, त्याची नोटीस मुदतबाह्य होते. चेकची तीन महिन्यांची मुदत शिल्लक असेल तर तो पुन्हा भरून पाहता येतो. नसेल तर दिवाणी दाव्याचा लांबचा रस्ता उरतो. वर्गवारीच्या अज्ञानाची किंमत येथे रुपयांत मोजता येते.

८. एक शंका

ही वर्गवारी सर्वत्र न्याय्य आहे काय? एका ठिकाणी मला शंका वाटते. चोरी हा एरवी दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा. परंतु नव्या संहितेत चोरलेल्या मालाची किंमत पाच हजार रुपयांहून कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा किंमत परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची आहे. समाजसेवा ही शिक्षा आपल्या संहितेत प्रथमच आली. पोराटोरांना तुरुंगाच्या संगतीपासून वाचवण्याचा त्यामागील हेतू स्तुत्य आहे. पण अनुसूचीत ही चोरी अदखलपात्र ठरवली आहे. आता, तक्रार येते तेव्हा चोर कोण हेच ठाऊक नसते. मग तो पहिल्यांदाच दोषी ठरणारा आहे, आणि तो माल परत करील, हे ठाण्याने कसे ठरवायचे? शिवाय पाच हजार ही रक्कम सर्वांना सारखी नाही. हमालाची जुनी सायकल बाजारात दोन हजारांची असेल, पण तिच्यावाचून त्याचा रोजगार बुडतो. ‘कोर्टात जा’ हा सल्ला त्याला परवडणारा नाही. शिक्षा सौम्य ठेवूनही तपास पोलिसांकडेच ठेवता आला असता, असे माझे नम्र मत आहे. विधी शाखेच्या प्राध्यापकांनी यावर अधिक प्रकाश टाकावा.

समारोप

सारांश, कोणत्याही गुन्ह्याविषयी पाच प्रश्न विचारावेत. हा गुन्हा आहे की दिवाणी बाकी? पोलीस स्वतःहून हलू शकतात काय? जामीन हक्काने की विवेकाने? खटला कोणापुढे, कोणत्या रीतीने आणि किती मुदतीत? तो मिटवता येतो काय? या प्रश्नांची उत्तरे अनुसूचीत आणि एक-दोन कलमांत मिळतात. संहितेची प्रत ग्रंथालयात मागून परिशिष्टाची ती पाने प्रत्येकाने एकदा तरी चाळावीत. वकिलाची गरज त्याने संपणार नाही. परंतु वकिलाकडे कधी जायचे आणि कोणता कागद घेऊन जायचे, एवढे नक्की कळेल.